भाचीने केलेली मदत

माझा मुलगा सात वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. सांगलीत विश्रामबागेतल्या ज्या डॉक्टरीणबाई त्याला तपासायच्या, त्यांनी अशा मुलांवर अभ्यास सुरू केला होता. पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे मुलं कशी बघतात ते कॅमेऱ्याने टिपायचं, एवढंच. सुई नाही, औषध नाही.

"अशी मुलं येतात हो," बाई म्हणाल्या, "पण ताडून बघायला निरोगी मुलंही लागतात. ती कुणी देत नाही."

मी म्हटलं, मी आणते. माधवनगरात आमच्या गल्लीत पोरांना काय तोटा? शेजारणींनी चहा पाजला, मुलाची चौकशी केली आणि प्रत्येकीच्या पोराला नेमका तपासणीच्याच रविवारी क्लास निघाला. ते मी गिळलं. परकी माणसं.

मग लोणंदला भावाकडे फोन केला. त्याची मुलगी माझ्या मुलाहून थोडीशीच लहान. फोन वहिनीने घेतला.

"वन्सं, राग मानू नका. पण पोरीची जात हाय. डोक्याच्या डॉक्टरकडं न्हेली हुती म्हणून उद्या कुणी बोललं तर? आन् तिला काय लागण झाली म्हंजी?"

लागण! माझ्या मुलाला काय गोवर झाला होता? दर दिवाळीला हीच बाई त्याला मांडीवर घेऊन फोटो काढायची. मी भावाला वेगळा फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. फौजेतून परतलेला माणूस, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि "येतो ताई" एवढंच म्हणाला.

रविवारी तो रेल्वेने मुलीला घेऊन आला. बाईंनी आधी तिलाच विचारलं, "करायचंय का तुला? कंटाळा आला तर उठायचं, कुणी रागावणार नाही." तिने मान हलवली आणि पडद्यासमोर जाऊन बसली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आत्या, त्यात एक रडणारी बाई हाय. दादानं बघितलं का तिच्याकडं?"

त्याची तपासणी आधीच झाली होती. तो सगळा वेळ पंख्याकडे बघत होता.

पुढे लोणंदला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत कुणीतरी विचारलं, लेकीला घेऊन मधी सांगलीला कुठं गेला हुता? वहिनी चटकन म्हणाली, "चित्रकलेची स्पर्धा हुती."

"न्हाई गं आई," भाची म्हणाली, "मी दादाच्या डॉक्टरबाईंना मदत करायला गेलते."

वहिनीने तिच्या पाठीत धपाटा घातला. लागलंही असेल; पोर रडली नाही, नुसती आईकडे बघत राहिली.

मी पानावरून उठले. "चोरी केली का तिनं? काय म्हणून मारलंत?" बायकांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. आवाज कमी करा, लग्नाचं घर आहे. पोरीला मारताना लग्नाचं घर कुणाला आठवलं नव्हतं. भाऊ खाली मान घालून जेवत होता.

दुसऱ्या फेरीला बाईंनी भाचीला पुन्हा बोलावलं. ती आली नाही. वहिनीने पाठवलं नाही आणि या खेपेला भावाने माझा फोनच उचलला नाही. बाई म्हणतात, मिळेल दुसरं कुणीतरी. मी आता कुणाच्या दारात जाणार नाही. यंदाच्या दिवाळीला वहिनीने फोटो काढायला मुलगा मागितला, तर तोही मी देणार नाही.