गर्दी बरी होती का

माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्याशी भांडावं, अबोला धरावा, त्याच्या केळीचा घड आपल्या हद्दीत वाकला तर बिनदिक्कत कापून न्यावा. पण तो मेला की त्याच्याइतकं जवळचं आपलं जगात कुणी नाही असं समजून धावत सुटावं, असा नेम पाळणारा आमच्या भिंतीपलीकडच्या काकांसारखा दुसरा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात सापडायचा नाही. भिंत आमच्या सोसायटीची. तिच्या अलीकडे आम्ही, दादर-गिरगाव सोडून उमेळ्यात येऊन स्थिरावलेली मंडळी. पलीकडे काकांची केळीची वाडी, विहीर, कौलारू घर आणि अंगणात दगडी क्रूस. आमची इमारत जिथे उभी आहे तिथेही एके काळी कुणाची तरी वाडीच होती, पण काकांनी त्याचा राग आमच्यावर कधी काढला नाही. फक्त इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला नावानं हाक मारलेली नाही. मी 'फ्लॅटवाले' आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मॅनेजर 'बँकवाले'. नावं माहीत असूनही आम्ही दोघं आता याच हाकांना ओ देतो.

चर्चची मयताची घंटा वाजली की काका हातातलं काम टाकतात. पांढरा शर्ट आणि काळी पँट दाराआडच्या खुंटीवर इस्त्री करून कायम टांगलेली असते. एकदा दाढी अर्धी झाली असताना घंटा वाजली, तर हा गृहस्थ एक गाल साबणाचा पुसून तसाच निघाला, आणि शोक करायला आलेल्या बायका त्या दिवशी तोंडाला पदर लावून हसू दाबत होत्या. गास गावी एका लग्नाला निघाले असताना वाटेत मयत दिसलं, तेव्हा लग्नाच्या आहेराचा डबा काखेत धरून ते दफनविधी संपेपर्यंत उभे राहिले आणि लग्नघरी पोचले तेव्हा लोक जेवून बडीशेप चघळत होते. परत आल्यावर भिंतीवरून मला अहवाल मिळतो. "मयत चांगलं झालं. गर्दी बरी होती." माणूस कसा होता हे ते कधी सांगत नाहीत, गर्दी कशी होती ते सांगतात, आणि त्यातच सगळं आलं असं त्यांना वाटतं. कुणाचं कौतुक करायचं झालं तर म्हणतात, "तुमच्या मयताला मानसं मावनार नाहीत." हे ऐकून नवखा माणूस आधी हादरतो. बँकवाल्यांकडे मात्र त्यांनी एकदा बराच वेळ निरखून पाहिलं आणि अत्यंत कळवळ्यानं सांगितलं, "तुमचं जरा कठीन दिसतंय." बँकवाले महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत, पण पुढच्या घंटेला इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी उभे होते.

मी मात्र त्यांच्या या वेडाला फारसा हसत नाही. आम्ही इथे राहायला आलो त्याच वर्षी माझी आई गेली. इमारतीत कुणाची कुणाशी ओळख नव्हती. नातेवाईक यायला वेळ लागणार होता आणि मी जिन्यात नुसता उभा होतो. तेवढ्यात भिंतीवर शिडी लागली. काका उतरले, त्यांच्यामागे गावातली माणसं उतरली, मग वाडीतले बांबू आले. त्यांच्यातल्या कुणालाही माझं आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं. आईला त्यांनी खांदा दिला, स्मशानात शेवटपर्यंत थांबले आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या घरून काळ्या कॉफीचा थर्मास आला. पुढे मी गावातल्या एका म्हाताऱ्याच्या मयताला गेलो, त्या दिवशी काका म्हणाले, "आता तुम्ही उमेळ्याचे झालात." फ्लॅट घेऊन वर्ष होऊन गेलं होतं, पण त्यांच्या लेखी मी त्या दिवशी राहायला आलो.

काकू गेल्यावर काकांच्या घरात एकच कपबशी विसळली जाऊ लागली. त्यांची एकुलती एक मुलगी नवऱ्यासोबत पोर्तुगालात, पोर्तो शहरात असते. ती रोज फोनवर एकच विनवणी करायची, "बाबा, वाडी कसायला द्या नि इकडे या. कायमचे या." काका कधी हो म्हणायचे, कधी विहिरीचा पंप बिघडला म्हणायचे. शेवटी तिनं तोडगा काढला. बाबांनी जानेवारीत येऊन राहून बघावं, सोबतीला शेजारच्या दोन मित्रांना आणावं, आणि काय ते तिथेच ठरवावं. आमच्या बायकांनी थंडीचं नाव काढून स्वतः यायचं टाळलं आणि आम्हाला मात्र इतक्या उत्साहानं निरोप दिला की मला जरा शंकाच आली. पोर्तोतल्या मुक्कामात, परतीच्या आदल्या दिवशी सकाळी मुलीनं आम्हा दोघांना बाजूला घेतलं. "आज रात्री जेवताना बाबा मला उत्तर देणार आहेत. मी खोली लावून ठेवलीय. तुम्ही दिवसभर त्यांच्याशी बोला, त्यांचं मन वळवा." बँकवाल्यांनी मान डोलावली. मीही डोलावली, पण मनातून मला ते नको होतं. त्या भिंतीपलीकडे काका नसले तर मला उमेळ्यात कोण विचारणार होतं?

दिवस असा गार होता की बोलताना तोंडातून वाफ निघे. नदीवरचा वारा उभ्या चढाच्या गल्ल्यांतून थेट अंगावर येत होता. मुलीनं आणलेला जाड कोट काकांनी "नवा आहे, मळेल" म्हणून घरीच ठेवला होता. अंगात लग्नातला कोट, त्यावर काकूंची शाल, डोक्याला कानटोपी आणि दोन्ही खिशांत सुकेळी. आमच्या वसईची ही उन्हात सुकवलेली केळी, काकांच्या वाडीतली, काकांनी स्वतः केलेली. "थंडी रिकाम्या पोटातून शिरते," असं सांगून ते दर चढाला एकेक आमच्या हातावर ठेवत होते. बँकवाल्यांनी दिवसाची आखणी मोबाइलवर केली होती: आधी निळ्या फरश्यांचं स्टेशन, मग पूल, मग उंच मनोरा, आणि मनोऱ्यावर सूर्यास्त. काकांना मात्र इमारतींपेक्षा माणसांचं कुतूहल जास्त. उमेळ्यात समोरून येणाऱ्याला "कुठं चाललास?" विचारल्याशिवाय ते पुढे जात नाहीत, आणि ही सवय त्यांनी विमानतळावर जमा केली नव्हती. पिशव्या घेऊन चढ चढणाऱ्या एका आजीला त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं, "कुठं चालल्यात, बाय?" तिनंही थांबून पोर्तुगीजमध्ये सविस्तर उत्तर दिलं. दोघं बराच वेळ बोलले. "गुडघे दुखतात तिचे," काकांनी आम्हाला सांगितलं.

स्टेशन झालं, पूल झाला. पुलावर बँकवाल्यांनी विषय काढला. इथली हवा कशी स्वच्छ आहे, दवाखाने कसे चांगले आहेत, लेकीजवळ राहणं कसं सुखाचं. काका सगळं ऐकत होते. "खरं आहे," ते म्हणाले. "घरी बोलायला कोनी नाही. इथं पोरगी आहे. बहुतेक राहीन मी." बँकवाल्यांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. नदी चांगलीच रुंद होती आणि मला तिच्यात काहीही बघण्यासारखं दिसत नव्हतं.

मनोऱ्याकडे जाताना एका जुन्या दगडी चर्चची घंटा वाजू लागली. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. काका जागच्या जागी थांबले. "मयत आहे," ते म्हणाले. बँकवाले म्हणाले, "काका, असेल काहीतरी. मनोरा बंद होईल." पण काकांनी कानटोपी काढून खिशात घातली होती, शालीच्या आतून कोटाची बटणं लावत होते आणि पायऱ्या चढायलाही लागले होते.

"अहो, आपली ओळख ना पाळख," बँकवाले मागून म्हणाले.

"यांची मानसं आपल्याकडं दोनशे वर्षं राहून गेली," काका वळून म्हणाले. "किल्ला बांधला. एवढा घरोबा असून मयताला नाही जायचं?"

बँकवाल्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि आम्ही दोघं त्यांच्यामागे पायऱ्या चढलो. आत विधी संपत आला होता. पहिल्या दोन बाकांवर मोजकी माणसं होती: काठी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ, एक तरुण बाई, दोन-तीन म्हाताऱ्या आणि शवपेटी न्यायला आलेली गाडीची माणसं. बाकी सगळे बाक रिकामे. काका थेट पुढे गेले आणि वृद्धाचा हात हातात घेऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. पेटी उचलायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मागे वळून आम्हाला नुसती मान हलवून बोलावलं. आईच्या वेळी त्यांनी गावकऱ्यांना बोलावलं होतं, अगदी तसंच. मी गेलो. बँकवालेही आले. गाडीची माणसं गोंधळली, त्यांनी वृद्धाकडे पाहिलं, आणि वृद्धानं होकार दिला. अशा रीतीनं उमेळ्याच्या तिघांनी पोर्तोतल्या एका अनोळखी बाईला खांदा दिला. बँकवाले पुढच्या बाजूला होते. थंडीनं की कशानं कोण जाणे, त्यांचं नाक वाहत होतं आणि रुमाल काढायला हात मोकळा नव्हता.

दफनभूमी चर्चच्या मागेच होती. तिथे प्रार्थना सुरू झाली. ते लोक त्यांच्या भाषेत म्हणत होते, काका मराठीत, मोठ्यानं, घरच्या मयताला म्हणतात तसे. शब्द एकही जुळत नव्हता, पण शेवटचं आमेन सगळ्यांचं एकदमच आलं. मूठमूठ माती टाकून झाली. उमेळ्यातल्या रिवाजाप्रमाणे आता कॉफी आणि पाव येईल अशा हिशेबानं काका थोडे थांबले. काहीच येईना, तेव्हा त्यांनी खिशातली सुकेळी काढली आणि फाटकापाशी उभं राहून एकेकाच्या हातावर ठेवली. वृद्धानं ती खाल्ली, पुन्हा हात पुढे केला. "विचारा," काका बँकवाल्यांना म्हणाले, "बाकीची मानसं कुठं आहेत." तरुण बाईला इंग्रजी येत होतं. ती मयत बाईंची शेजारीण, आणि काठीवाले वृद्ध बाईंचे पती. बाई डोंगरातल्या कुठल्याशा गावच्या. गावातलं घर बंद करून नवराबायको मुलाकडे शहरात राहायला आले, मग मुलाला नोकरीसाठी दुसऱ्या देशात जावं लागलं. त्याला वेळेवर विमान मिळालं नाही. शहरात फारसं कुणी ओळखीचं नव्हतं. बँकवाल्यांनी हे सगळं मराठीत सांगितलं. काकांनी बाईंचं नाव विचारलं. मारिया. आम्ही मनोऱ्यापाशी पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं, आणि एरवी मिनिटामिनिटाचा हिशेब मागणाऱ्या बँकवाल्यांनी कोपऱ्यावरून गरम भाजलेल्या चेस्टनटचा पुडा आणून काकांच्या हातात दिला.

रात्री मुलीनं ताटं वाढली आणि विचारलं, "काय काय पाहिलंत?"

"एक मयत," बँकवाले म्हणाले.

काकांनी घास खाली ठेवला. "बाय, तुझं घर चांगलं आहे. उबदार आहे. खोली पन बघितली मी, पडदे छान लावलेस. पन मी इथं मेलो तर मला उचलायला या दोघांना विमानाचं तिकीट काढावं लागंल. आनि बँकवाल्यांना खिडकीचीच सीट लागते."

ती आधी हसली, मग रडली, मग ताटं तशीच ठेवून बापाच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मला काकांचं उत्तर हवं होतं तसंच मिळालं होतं, तरी त्या मुलीकडे बघवेना. तिनं त्या खोलीसाठी पडदे स्वतः शिवले होते.

उमेळ्याला परतल्यावर काकांनी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, सांगितली. रविवारी वेदीवरून घोषणा झाली, "पोर्तो येथील मारिया हिच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून." काकांच्या कुणीतरी जवळच्या बाई गेल्या एवढंच गावाला कळलं, आणि गावाला तेवढं पुरतं. मिस्सेनंतर लोक थेट काकांच्या अंगणात आले. माणसं आमच्या भिंतीवरसुद्धा बसली. आमच्या बायकांनी कॉफी केली, पावांच्या लाद्या आल्या. बँकवाले दारात हात जोडून उभे होते आणि घरचंच माणूस गेल्यासारखे सांत्वनं स्वीकारत होते. "कशानं गेल्या?" एका आजीनं विचारलं. "एकटेपणानं," ते म्हणाले. काकांनी ते ऐकलं आणि नंतर मला हळूच सांगितलं, "बँकवाल्यांची आता काळजी नाही."

याला आता काही महिने झाले. परवा संध्याकाळी मी भिंतीपाशी उभा होतो. काकांचा फोन वाजला, पलीकडे मुलगी होती. ऐकू कमी येतं म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवून बोलतात. ती सांगत होती, त्यांच्या इमारतीतले एक आजोबा गेले. फारशी ओळख नव्हती, जिन्यात भेटायचे. कामावरून अर्धी रजा काढून ती मयताला गेली, जाताना कॉफी करून नेली.

काकांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. "गर्दी बरी होती का?"

"कमी होती, बाबा," ती म्हणाली. "पण मी होते."

फोन ठेवून ते बराच वेळ केळींकडे बघत राहिले. मला वाटलं, पोरीचा अभिमान वाटत असेल. वाटत होताच. मग ते भिंतीपाशी आले, माझ्या हातावर एक सुकेळं ठेवलं आणि म्हणाले, "म्हनजे पोरगी आता तिथली झाली." आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून अंधार पडेपर्यंत सुकेळी खात राहिलो.