पहिली भाकर देवाची

तुमच्या दारासमोरचा रस्ता कोणी उचलून तुमच्या डोक्यावरून नेला, तर तुम्ही आधी काय कराल? मी रास्ता रोको केला. भागीरथाबाईनं भाकर थापली.

कारंजा घाडग्याच्या हायवेला तिचा ढाबा. ढाबा म्हणजे वर पत्रे, खाली दोन चुली आणि ट्रकवाल्यांना टेकायला बाजा. नवरा गेला, तेव्हा याच चुलीवर तिनं पोराला, आदेशला, शिकवून पुण्याला नोकरीत बसवलं. मग पूल झाला. ट्रक वरून जाऊ लागले. खाली उरला सर्व्हिस रोड, आणि त्यावर झोपणारी कुत्री.

आदेशचा फोन आला. "आई, दिवाळीपर्यंत पाह्य. नाई त मी येतो अन् तुले घेऊन जातो."

तिला जायचं नव्हतं. पोराच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं, हे तिला मान्यच नव्हतं.

तिची सासूकडून आलेली एक रीत. सकाळची पहिली भाकर देवाची. ती बाजूला झाकून ठेवायची आणि जो पहिला भुकेला येईल त्याला फुकट द्यायची. टोपल्यात परत टाकायची नाही, रात्रीवर ठेवायची नाही. ट्रक होते तोवर ती उजाडताच संपायची. आता दुपार झाली तरी तशीच.

त्या दिवशी मी हायवेच्या साहेबाच्या ऑफिसात निवेदन देऊन तापून आलो होतो. झाकलेली भाकर पाहून आणखी तापलो.

"मावशी, देव का पुलावरून उडी मारून येनार हाय खायले?"

"त्यानं काऊन उडी माराव? वय झालं त्याचं." तिनं भाकर फडक्यात बांधली, वर ठेचा ठेवला. "तो नाई आला, त मी जातो."

"कुठी?"

"जिथी भूक असन तिथी."

"अन् कोनी नाईच भेटलं त?"

"प्रफुल, तू रोज साहेबाले भेटाले जातं. तो भेटते का? तरी जातं ना. माहा साहेब तुह्या साहेबापेक्षा बरा हाय."

मी तिच्या मागोमाग उठलो.

ती संत्र्याच्या बागांकडे निघाली. वाटेत शेडमध्ये तोडलेली संत्री निवडणं चाललं होतं. तोडणीच्या टोळीचा मुखिया कवडू चहात बिस्कीट बुडवत बसला होता. टोळी अंधारातच गावाहून निघायची, घरचं जेवण कोण बांधून देणार? त्यानं ती भाकर खाल्ली, बोटं चाटली.

"मावशी, उद्या साऱ्या टोळीले आनशीन का?"

"देवाची एकच राह्यते. बाकीच्याचे पैशे लागतीन."

दुसऱ्या दिवसापासून टोळीचं टोपलं रोज शेडवर जाऊ लागलं. दिवाळीला आदेश आईला न्यायला गाडी ठरवूनच आला. आईनं त्याच्या हाती टोपलं दिलं. "आधी हे शेडवर पोचव, मंग बोलू." शेडवर कवडूनं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "मावशीनं नवा मानूस ठेवला वाटते." आदेशनं वाढलं, टोळी जेवताना पाहिली आणि भाऊबीज आटोपून एकटाच परत गेला.

मग संत्र्याचा बहार संपला. टोळी दुसऱ्या गावाला गेली, शेडला कुलूप लागलं. माझं डोकं पुन्हा फिरलं. म्हटलं, "असा कसा तुमचा देव? देते अन् हिसकून घेते."

ती पीठ मळत होती. "त्यानं कवा म्हटलं, जलमभर संत्रेच राह्यतीन? रस्ता गेला तवा मले शेड दिसली. नाई त या पत्र्याखालून मी कवा उठली असती? आता अजून काई दिसन."

"अन् दिसेपर्यंत?"

"दिसेपर्यंत पहिली भाकर त बनते ना."

ट्रकांना ढाब्याजवळच खाली उतरायला वाट मिळावी म्हणून मी भांडतो आहे, पुढेही भांडणार. देवाच्या भरवशानं साहेबाला मोकळं सोडणाऱ्यातला मी नाही. फक्त आता भांडायला निघतो तो तिच्याकडे जेवून. आणि तिनं हात जोडले की मी हसत नाही. ती हात जोडून बसून राहत नाही, लगेच चप्पल घालते, हे मी पाहिलंय.

तेव्हा पुलावरून नागपूरला जाणाऱ्यांनो, एकदा कारंज्याला खाली उतरा. कीव घेऊन येऊ नका, भूक घेऊन या. आणि पहिली भाकर तुमच्या वाट्याला आली तर पैसे काढू नका, गुमान खा.