आईने शिवलेली रफ वही

लेकीची परीक्षा संपली. तिच्या वह्यांतली कोरी पानं फाडताना जुन्या कागदाचा वास आला आणि बिबवेवाडीतलं आईचं शिलाई मशीन आठवलं. लग्नसराईतल्या ब्लाउजांचा ढीग बाजूला सारून आई दर एप्रिलला आमच्या उरलेल्या पानांची रफ वही मशीनवर शिवायची.

सातवीत मी गणिताच्या चाचणीत नापास झाले, तेव्हा पेपरावर आईची सही मीच ठोकली आणि तो वहीत लपवून विसरले. एप्रिलमध्ये आईने नेहमीसारखी रफ वही शिवून दिली. जूनमध्ये रफ वही उघडली, तर पहिलंच पान म्हणजे तो पेपर! खाली तिची खरी सही आणि एक ओळ : "माझी सही अशी असते. आता गणिताचा सराव कर."

एवढ्या घाईतही तिने आमचं पान न् पान वाचलं होतं. मी फाडणं थांबवलं आणि लेकीची वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली.