चकमक नव्हे

माझं आडनाव सांगितल्यावर बाई खूश झाल्या. "म्हणजे आपल्यातल्याच," म्हणाल्या. ते आडनाव ब्राह्मणांतही असतं.

"नाही. पारधी," मी म्हणाले.

बाईंचं हसू गेलं. "तरीच पोरांच्या डोक्यात हे असलं भरताय. तुमच्या लोकांना दुसरं सुचणार तरी काय?"

मराठीत बोलल्या. समोर बसलेल्या गोऱ्या मुख्याध्यापकांना कळू नये म्हणून.

सिंगापूरच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी नववीला इतिहास शिकवत होते. अभ्यासक्रम ऑस्ट्रेलियाचा. गोऱ्यांनी घोड्यांवरून येऊन पाणवठ्याजवळ झोपलेल्या आदिवासींना बायकापोरांसकट गोळ्या घातल्या, हे शिकवलं. त्याला मी कत्तल म्हणाले. या पुण्याच्या बाई, माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई. तक्रार घेऊन आल्या होत्या.

"काय म्हणाल्या त्या?" मुख्याध्यापकांनी मला विचारलं.

"गाव विचारत होते," बाईच इंग्रजीत बोलल्या.

आणि मी मान हलवली. हो म्हणून. दोन पदव्या घेतलेली मी.

"उद्या वर्गाला सांगा, चकमक होती. दोन्ही बाजूंची," मुख्याध्यापक म्हणाले. मी बरं म्हणाले. नोकरी गेली की इथं राहायचा पास जातो, पास गेला की देश सोडायचा. सेम्बावांगला घरी पोचेपर्यंत एमआरटीच्या गाडीत कुणाकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "ती कत्तल नव्हती. चकमक होती."

त्या बाईंचीच मुलगी उठली. "मिस, त्यांच्याकडे बंदुका होत्या?"

"नव्हत्या."

"मग चकमक कशी?"

माझ्या चुलत्याला पोलिसांनी रानात पळवून पाठीत गोळी घातली होती. पेपरात आलं, चकमक. आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. "म्हंजी काय गं?" तिनं विचारलं. मला सांगता आलं नाही. आणि आज तोच शब्द मी पोरांना शिकवत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"कत्तलच होती," मी म्हणाले. "आत्ता मी खोटं बोलले."

तास संपल्यावर मुख्याध्यापकांकडे गेले. बाईंचं कालचं बोलणं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. "हे आता कशाला उकरता?" ते म्हणाले. वर्षअखेरीस माझा करार वाढवला नाही.

मान हलवल्याची लाज अजून गेलेली नाही. पण पुढच्या शाळेच्या मुलाखतीत मी आधीच सांगून टाकलं, माझ्या वर्गात कोण मेलं एवढंच सांगून भागणार नाही. कुणी मारलं तेही सांगणार. चालत नसेल तर मला घेऊ नका.