बाजूच्या सीटवर बसणारे मामा

आदरणीय प्रल्हादराव खिल्लारे, म्हणजे आपणा सर्वांचे मामा, यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचा चेहराच दिसला नव्हता. मी सासऱ्यांच्या जुन्या जीपखाली उताणी पडले होते आणि कुणीतरी माझे दोन्ही पाय घोट्यांशी धरून मला खसकन बाहेर ओढलं. हिंगोलीतल्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. माझ्या आवाजाला मुलंच काय, शिक्षकही बिचकून असतात. धूळ झटकत उठले ती भांडायच्या तयारीनंच. समोर खाकी शर्टातले, साठी उलटलेले एक काटक गृहस्थ उभे होते आणि ते माझ्याहून जास्त संतापलेले होते.

"नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरल्या व्हय? घोड्या काहून न्हाई लावल्या?"

घोडी म्हणजे उचललेल्या गाडीखाली ठेवायची लोखंडी तिवई. मी म्हटलं, "जॅक चांगला आहे. गाडी काही पडली नाही."

"आज न्हाई पडली," ते म्हणाले. त्यांनी दोन घोड्या आणून माझ्या पायाशी ठेवल्या. लावून मात्र दिल्या नाहीत.

हे घडलं ते कनेरगाव नाक्यावर, ढाब्याच्या मागे असलेल्या मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती उभारली आणि दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: 'जागा आणि हत्यारं भाड्यानं मिळतील. काम तुमचं तुमी करा.' सुरुवातीला लोक हसले. मिस्त्री असून गाडीला हात लावत नाही, हे काय गॅरेज झालं? पण हळूहळू आमच्यासारखी हौशी मंडळी जमत गेली. साखऱ्याचे एक शेतकरी वडिलांची मोटारसायकल पुन्हा चालती करायला येत, वाशीमचे एक डॉक्टर रविवारी नुसते इंजिन खोलायला येत. मामा विहारातली वंदना आटोपून शेड उघडत. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. एकही आकृती रिकामी दिसली तर कुणी घरी जायचं नाही, मग तो डॉक्टर असो की ग्रंथपाल. मी यावरून त्यांच्याशी निदान चार वेळा भांडले आहे आणि चारही वेळा पाना माझ्याच गाडीत निघाला आहे.

मामांचा दुसरा एक नियम आहे आणि आज मला त्याविषयीच लिहायचं आहे. गाडीचं काम झालं की पहिली फेरी मारताना मामा बाजूच्या सीटवर बसतात. नाक्यापासून पैनगंगेच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. आधी ते काहीच तपासत नाहीत. फक्त एकदा विचारतात, "झालं का समदं?" आपण "व्हय" म्हटलं की दार उघडून बसतात. कुरुंद्याचे एक हळदवाले बागायतदार आपल्या पिकअपचे ब्रेक स्वतः बसवून तयार झाले होते. मामांनी विचारलं तेव्हा ते मोठ्यानं "व्हय" म्हणाले. मामा सीटवर बसलेले पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "मामा, जरा थांबा, पुन्हा एकदा बघून येतो," असं म्हणून ते गाडीखाली शिरले. मामा सीटवर शांत बसून राहिले.

आता माझी गोष्ट सांगते. ती आजवर मामांखेरीज कुणालाच ठाऊक नाही, आणि मामांच्या पंचाहत्तरीच्या निमित्तानं ती सांगितली नाही तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

त्या जीपचं स्टेअरिंगचं काम मी तीन रविवार करत होते. स्टेअरिंग फिरवल्यावर जो दांडा चाक वळवतो, त्याच्या टोकाला एक नट असतो. तो आपोआप सुटू नये म्हणून त्यातून एक पिन घालून तिची टोकं वाकवतात. पिनेचं भोक जुळावं म्हणून मी नट थोडा सैल केला होता आणि पिन हातात घेतली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "जीपचं काम बाईमाणसाच्यानं होऊन राहिलं व्हय!" झालं! मी पिन खिशात टाकली आणि उठून त्या गृहस्थांना चांगलं सुनावलं. त्यांना ते बरोबर लागलंही. त्या विजयाच्या तोऱ्यात मी चाक चढवलं, घोड्या काढल्या आणि मामांना म्हटलं, "चला."

"झालं का समदं?"

"व्हय."

सात-आठ जण बघत होते. ज्यांना सुनावलं तेही होते. जीप सुरू झाली तेव्हा मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! नाका सुटला, रस्ता मोकळा झाला. मामा खिडकीवर कोपर टेकून बसले होते. घाम पुसायला म्हणून मी खिशात रुमाल शोधला आणि बोटाला पिन टोचली.

नट पिनेविनाच राहिला होता. समोरून ट्रक येत होते. पुढं पूल दिसत होता. आणि मी, सांगायला लाज वाटते, गाडी थांबवली नाही. डोक्यात हिशोब सुरू होता: हळू गेलं तर नट टिकेल, पुलाच्या अलीकडून वळू, शेडमध्ये जाऊन गुपचूप पिन घालू. थांबले तर मामांना कळेल, मग सगळ्यांना कळेल, आणि ते गृहस्थ आयुष्यभर हसतील. एक ट्रक हॉर्न देत अगदी जवळून गेला. त्यांचा माझ्या 'व्हय'वर विश्वास होता. स्टेअरिंगमध्ये एक बारीकशी ढिलाई हाताला जाणवली, किंवा भीतीनं तसं वाटलं. मी बाजूला पाहिलं. मामांनी डोळे मिटले होते, वारा घेत होते.

मी गाडी कडेला घेतली. "मामा, उतरा," एवढंच म्हणाले आणि तळहातावर पिन दाखवली.

मला वाटलं होतं, ते म्हणतील की मला माहीतच होतं. पण त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. ते खाली वाकले, दांड्याखाली हात घातला आणि नट चाचपला. तो सुटत सुटत अर्ध्यावर आला होता. मग ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले.

"ताई, एक विचारतो. मी बाजूला नसतो तं थांबल्या असत्या का?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही," मी म्हटलं. "एकटी असते तर तशीच हळूहळू परत आले असते."

"म्हणून तं मी बसतो. आपल्या एकट्याच्या जिवाला आपण लई हलकं धरतो."

त्यांनी गाडीतला पाना माझ्या हाती दिला. मी नट कसला, पिन घातली, तिचे पाय वाकवले. हे सगळं रडत केलं, तेही सांगून टाकते. मामा उठले, विजार झटकली आणि विचारलं, "झालं का समदं?" मी "व्हय" म्हटलं. आणि हा माणूस, ज्याला मी मघाशीच मारायला निघाले होते, पुन्हा दार उघडून माझ्या बाजूला बसला. आम्ही पूल ओलांडला आणि परत आलो.

शेडमध्ये उशिराचं कारण विचारलं गेलं. मामा म्हणाले, "गाडी झकास हाय. जरा सावलीला बसलो व्हतो." नंतर मला एकटीला म्हणाले, "सांगायचं तं तुमीच सांगा, वाटंल तवा." मला वाटायला अकरा वर्षं लागली.

मागच्या महिन्यात गौरव समितीची बैठक झाली. मामांचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डावा हात जरासा कापतो. तेव्हा यापुढे त्यांनी कुणाच्या फेरीला बसू नये, असं सर्वांनी ठरवलं. सत्काराच्या शालीबरोबर ही विनंतीही करायची होती. मामांना ते आधीच कळलं. ते बैठकीत येऊन उभे राहिले.

"मी न्हाई बसलो तं कोण बसंल?"

आम्ही चौदा जण होतो. सगळे खाली बघू लागले. मीही खालीच बघत होते. माणूस पिन कशी विसरतो आणि विसरल्यावर कसा गप्प राहतो, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच माझी जीभ उचलत नव्हती. मामा कुणाकडे रोखून बघत नव्हते, फक्त उत्तराची वाट बघत होते. मी मान वर केली.

"मी बसेन," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग पयली गाडी माझी. माझ्या पिकअपचे ब्रेक मी खोलून राहिलो. ह्या डोळ्यांनी, ह्या हातांनी. समारंभाच्या दिवशी सकाळी फेरी मारू. बसता का?"

घरच्यांनी मला वेड्यात काढलं आहे. डॉक्टरसाहेब म्हणतात, आधी गुपचूप ब्रेक तपासून घ्या. मी तसं करणार नाही. मामांनी माझं कधी तपासलं नव्हतं. मला भीती वाटते, हे मात्र खरं आहे.

गौरवग्रंथात उत्सवमूर्तींना निरोगी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे आणि ती मी मनापासून पाळते. मामांना भरपूर आयुष्य लाभो, त्यांची नजर साफ राहो, हात स्थिर राहोत. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. हा ग्रंथ आपल्या हाती पडेल त्याच दिवशी सकाळी मी नाक्यावर उभी असेन. मामा पिकअपखालून बाहेर येतील, हात पुसतील. मी त्यांना एकच प्रश्न विचारेन, त्यांच्याच शब्दांत. ते "व्हय" म्हणतील, आणि मी दार उघडून बसेन.