जवळनं बगत जायाचं

गाडीची चावी फिरवताना गेनू मिस्त्री डोक्यावरची टोपी काढायचा. लोकांना वाटे, गाडीला नमस्कार करतो आहे. खरे म्हणजे तो टोपीची सावली समोरच्या लाल दिव्यावर धरायचा. उन्हात तो एवढासा दिवा नीट दिसत नसे.

"लख्ख लागला तर बॅटरी ठीक हाय," तो मला शिकवायचा. "मिणमिणला तर बॅटरी उपाशी. आन् गाडी चालू झाल्यावर बी इझला न्हाई, तर डायनॅमो झोपलाय. गाडी आधी सांगती, बाई. आपुनच ऐकत न्हाई."

मी पौडला दवाखाना थाटला तेव्हा मुळशीच्या त्या गावांत वीज नव्हती आणि बाईमाणसाने डॉक्टर असणे लोकांना अजून पटायचे होते. पुण्याच्या एका गृहस्थाकडून जुनी मोटार घेतली, तिच्याबरोबर गेनू आला. ड्रायव्हर तोच, मिस्त्री तोच. दवाखान्यामागच्या खोलीत राहायचा. एका घरी म्हातारा कुरकुरला, "बाई काय औशिद देनार?" तर उंबऱ्याबाहेरून हाच ओरडला, "मग पुन्याला चालत जावा!" माझा त्याच्यावर जीव होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचा राग खोटा वाटेल.

बिघाड शोधायची त्याची एक रीत होती. "जवळनं बगत जायाचं. आधी बॅटरीची टोकं, मग पानी, मग पट्टा. डायनॅमो सगळ्यात शेवटी. लोक लांबचं आधी उघडत्यात आन् दिस घालवत्यात." टोकांवर पांढरी बुरशी चढली की ती गरम पाण्याने धुऊन तो व्हॅसलीन लावायचा, व्हॅसलीन अर्थात माझ्याच कपाटातले. बॅटरीचे अधिकचे टोक कोणते, हे माझ्या लक्षात राहीना, म्हणून मी त्या बाजूला चिकटपट्टी लावून तिच्यावर लाल औषधाने फुली काढली. "हितं बी पेशंट!" म्हणून तो पोट धरून हसला.

त्या उन्हाळ्यात दिवा मिणमिणायला लागला. रोज नव्हे, आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी. मी विचारले की गेनू म्हणायचा, "म्हातारी झाली, बाई. नवी बगाया पायजे." मला खरे वाटे. हँडल मारून आम्ही निघायचो.

वैशाखातल्या एका दुपारी मुठ्याहून बैलगाडीतून एका पहिलटकरणीला आणले. मूल आडवे आले होते. पुण्याला नेल्याशिवाय इलाज नव्हता. तिला मागच्या सीटवर निजवले आणि गेनूने चावी फिरवली. टोपी मात्र काढली नाही. मी वाकून पाहिले, तर दिव्याच्या जागी जेमतेम एक लाल ठिपका. हँडल मारून झाले, माणसे लावून धक्का देऊन झाला. मग गेनूने बॉनेट उघडले आणि सरळ डायनॅमो खोलायला घेतला.

"अरे, आधी बॅटरी बघ ना!"

"डायनॅमोच हाय, बाई. तुमी पेशंट बगा."

मी पेशंट पाहिली. तासभर तो घाम गाळत पाने फिरवत होता आणि मागे ती पोर माझा हात पिळत होती. शेवटी रस्त्याने जाणारा एक मालट्रक थांबवून तिला नेले. ती वाचली. मूल गेले. संध्याकाळी गेनू पायरीवर डोके धरून बसला होता, आणि मी, मूर्ख बाई, त्याचीच समजूत काढत होते. "तू तरी काय करणार? यंत्र आहे."

पुढच्या आठवड्यात तो बॅटरी पुण्याला चार्जिंगला नेतो म्हणून गेला. मला उरवड्याला एका आजाऱ्याकडे जायचे होते, म्हणून मी एस.टी.ने गेले. गावात लग्न होते, कर्णा वाजत होता. मांडवाच्या कडेला खुर्चीवर गेनू, डोक्याला फेटा, मांडीवर नारळ. मंडळी आग्रह करकरून त्याला जिलबी वाढत होती. खुर्चीखाली बॅटरी होती, कर्ण्याच्या वायरी तिलाच जोडलेल्या. तिच्यावर चिकटपट्टी आणि माझी लाल फुली.

मी मागे वळले. तो फेटा सावरत मागोमाग आला.

"एक पैसा घेतला न्हाई, बाई, आईशप्पत! पोरीच्या लग्नात कर्णा पायजे म्हनून लोक हातापाया पडत्यात. न्हाई कसं म्हनू?"

"मुठ्याची ती आली, त्याच्या आदल्या दिवशीही कुठे लग्न होतं?"

त्याने मान खाली घातली.

"मग डायनॅमो का उघडलास?"

फेटा काढून हातात घेत म्हणाला, "तुमी समोर हुत्या. कायतरी करताना दिसाया पायजे हुतं."

बॅटरी चोरून दिली, हे मी एखादे वेळी पोटात घातलेही असते. पण त्याने पहिल्याच मिनिटाला खरे सांगितले असते, तर मी तेव्हाच रस्त्यावर उभी राहून मालट्रक अडवला असता. तो तास त्या मुलाचा होता. तो गेनूने माझ्यासमोर पाने फिरवत घालवला, आणि संध्याकाळी माझ्याकडून स्वतःचे सांत्वनही करून घेतले. याची चीड आजही येते.

त्याच दिवशी मी त्याला जायला सांगितले. त्याने बॅटरी जागेवर बसवली, टोकांना व्हॅसलीन लावले, चावी टेबलावर ठेवली आणि पत्र्याची पेटी उचलून निघाला. पुढे काही वर्षांनी तो वारल्याचे कळले. मी त्याच्या घरी भेटायला गेले नाही.

तो गेल्यावर गाडी मीच चालवू लागले. पहिले दोन-चार दिवस हँडल मारावे लागले. मग एका दुपारी भर उन्हात चावी फिरवली आणि नकळत पदराची सावली दिव्यावर धरली. दिवा लख्ख लागला. पुढे दोन वर्षे तो तसाच लागत राहिला, आणि बॅटरी तीच होती.