झंझावीर काय मोजत होता

शेंद्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीन चालवणारा अंगद शिंगाडे तसा शांत माणूस. डब्यात आठवडाभर शेपूची भाजी आली तरी मुकाट्यानं खाईल, सुपरवायझरनं उगाच झापलं तरी मान डोलवून मोकळा होईल. पण ‘झंझावीर’ मालिकेचा दिवाळी विशेष भाग, एवढा नुसता शब्द काढा, की याचं टाळकं सरकलंच म्हणून समजा. तीस वर्षं झाली, तरी अजून त्याचं तोंड कडू होतं.

आता तुम्ही म्हणाल, टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाचा एवढा कसला राग? तर ऐका. त्या काळी रविवारी सकाळी झंझावीर लागला की फुलंब्रीत म्हशीसुद्धा पाण्यावर उशिरा जायच्या, कारण म्हशी नेणारी पोरं टीव्हीपुढं चिकटलेली असायची. निळा पोशाख, डोळ्यांवर काळा मुखवटा, पाठीवर लाल झूल असा तो वीर वादळावर स्वार होऊन यायचा आणि दुष्टांची हाडं खिळखिळी करून जायचा. अंगद तेव्हा शाळेसाठी द्वारकाआत्याकडं फुलंब्रीला राहायचा. आईबाप मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि हा शेजाऱ्यांच्या खिडकीचे गज धरून टीव्ही बघणारा. झंझावीर त्याचा जीव की प्राण होता.

आणि मग आला तो दिवाळी विशेष भाग. काय तो प्रकार, सांगायलासुद्धा किळस येते. काळभृंग नावाचा राक्षस म्हणे गावातल्या पणत्या चोरणार. अख्खं जग जिंकायला निघालेला हा बाबा, आणि चोरतो काय, तर मातीच्या पणत्या. त्याला धरायचं सोडून झंझावीर एका बाईला चकलीचा सोऱ्या दाबून देतो. मग नाच. मग एक जाडा विनोदी नट चुलीत तोंड घालून काळा होतो, आणि पुन्हा नाच. वीराच्या पायात चुना फासलेले कॅनव्हासचे बूट. राक्षसाचं एक शिंग मधेच गायब होतं, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. शेवटी काळभृंगाला बेसनाचा लाडू भरवतात आणि तो हमसून हमसून रडतो अन् सुधारतो. ज्यांनी हे केलं त्यांना पोरांची अक्कल किती स्वस्त वाटत होती ते यावरून कळतं.

पण सगळ्यावर कडी म्हणजे ते उडणं. वीर आकाशातून चालला, तर हात पुढं ताणून ऐटीत जावा की नाही? ते राहिलं बाजूला. हा पठ्ठ्या मान खाली घालून बघतोय, एक बोट नाचवतोय आणि ओठ हलवत काहीतरी मोजतोय. मधेच त्याचं चुकतं, तो चरफडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

अंगदसारखीच पोळलेली माणसं पुढं शहरात एकमेकांना भेटली. वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आडत असलेला काकासाहेब, शाळेत शिकवणारी रूपा आणि फ्लेक्स छापणारा इंद्रजीत. यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, ‘झंझावीर पीडित संघ’. दरवर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी हे चौघं कुणाच्या तरी घरी जमतात आणि तो भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतात, निव्वळ शिव्या घालायला. त्या मोजणाऱ्या वीराचं नाव यांनी ‘बेरीजवीर’ ठेवलंय. इंद्रजीतनं तर त्याच्या बोटाचं स्टिकर बनवलंय. कुणी हिशोबात चुकलं की ते स्टिकर आलंच ग्रुपवर. अंगद ते बघायचा आणि मोबाइल पालथा ठेवून द्यायचा.

कारण ते बोट त्याच्या बापाचं होतं.

झालं होतं असं, की उडण्याचं शूटिंग लागलं फुलंब्रीजवळच्या डोंगराला. विहिरीतला गाळ उपसायची यारी आणली होती, तिच्या दोराला वीरानं लोंबकळायचं. मुंबईचा नट म्हणाला, मी नाही लटकत. मग मालिकावाल्यांनी तिथंच मेंढरं चारणाऱ्या अंगदच्या बापाला, केरबाला धरला. अंगकाठी त्या नटासारखीच, आणि भीती कशाशी खातात ते माहीत नाही. धोतरावरूनच निळी विजार चढवली, कमरेला दोर आवळला आणि यारीनं वर उचलला. डायरेक्टर खालून ओरडतोय, ‘जगाकडं बघा, तुम्हाला जग वाचवायचंय.’ आता मेंढका उंचावर चढला की पहिलं काय करतो? मेंढरं मोजतो. टेकाड असो, झाड असो, नाहीतर यारी असो. केरबाला वरून सगळा कळप दिसला आणि त्याचं बोट आपोआप उठलं. कळप हलला की मोजणी चुकायची, की पुन्हा पहिल्यापासून. त्या शहाण्यांनी तसंच दाखवून टाकलं. दुसऱ्यांदा करून घ्यायचेही कष्ट घेतले नाहीत मेल्यांनी.

अंगदनं खिडकीतून बघताक्षणी बापाला ओळखलं होतं. केरबानं मात्र स्वतःला कधीच बघितलं नाही. कार्यक्रम लागला तेव्हा तो कळप घेऊन गोदावरीकाठाला उतरला होता. पण तेव्हापासून सोयरिकीत, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, कुणी ऐको न ऐको, त्याचं एकच पालुपद. ‘घारीवानी उडालो म्या. खाली समदं एवढं एवढंसं.’ बायको गेली, मेंढरं विकली, गुडघे गेले. ते उडणं तेवढं म्हाताऱ्याकडं शाबूत राहिलं होतं, आणि ते तसंच शाबूत राहावं एवढीच अंगदची इच्छा होती. म्हणून त्यानं बापाला तो भाग कधी दाखवला नाही. संघातही बोलला नाही. आधी लाज वाटली, आणि नंतर चेष्टा इतकी पुढं गेली की सांगायला तोंडच उरलं नाही.

यंदा जमायची पाळी अंगदच्या घरची, आणि नेमका त्याच आठवड्यात केरबा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून त्याच्याकडं राहिलेला. अंगदनं त्याला आत्याकडं धाडायचा घाट घातला होता. पण त्याची बायको शीला भोळेपणानं सासऱ्याला बोलून गेली, ‘मामा, रविवारी झंझावीर लावणारेत घरी.’

म्हातारा उठून बसला. ‘म्हंजी माझं उडणं?’

अंगद घाईनं पुढं आला. ‘आबा, लई घाण कार्यक्रम हाय तो. डोळ्याला ताण पडंल. आत्या वाट बघतीया तुमची.’

‘मंग डोळा कशापायी उघडून घेतला म्या?’

अंगदनं एवढंच कबूल करून घेतलं, की तुम्ही त्यात आहात हे कुणाला सांगायचं नाही. केरबा मिशीतल्या मिशीत हसला. ‘म्या कशाला सांगू? वळखतील की आपसूक.’

रविवारी दुपारी केरबा धुतलेलं धोतर नेसून, गुलाबी पटका बांधून, दवाखान्यातला काळा चष्मा लावून टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीत बसला. संघवाले चिवडा घेऊन आले. चकलीचा प्रसंग आला, नाच आला, काकासाहेब प्रत्येक वाक्य नटाच्या आधी म्हणून दाखवू लागला. अंगदला त्या दिवशी टीव्हीपेक्षा या माणसांचाच वीट आला होता. चाळिशीला टेकलेली माणसं, पोटं सुटलेली, आणि दरसाल तीच घाण उकरून चघळत बसायची. आणि आपण त्यांना चहा पाजतोय.

‘आला, बेरीजवीर आला,’ इंद्रजीत म्हणाला आणि बोट दिसताच त्यानं चित्र तिथंच थांबवलं. ‘हा बायकोनं सांगितलेला किराणा आठवतोय,’ असं काकासाहेब म्हणाला आणि तिघंही खिदळायला लागली. अंगद टीव्हीकडं बघेना. तो बापाकडं बघत होता.

केरबा पुढं वाकला. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं नव्या डोळ्यानं नीट बघितलं. मग तोही हसला.

‘आरं ह्ये कोण येडं? वाळत घातल्यावानी लोंबतंय बघ. आन बोट काय नाचवतंय.’

सगळ्यांना म्हातारा भलताच आवडला. ‘आबांना संघाचं अध्यक्ष करा,’ काकासाहेब म्हणाला. अंगदचा जीव भांड्यात पडला. बाप वाचला होता, पण बापाला हसणाऱ्यांत बापच बसला होता.

लाडू भरवून झाला. नावं वर सरकायला लागली तसा केरबा ताठ झाला, पटका सावरला आणि अंगदच्या कानाशी लागला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबूज ती, खोलीभर ऐकू गेली.

‘आंगद्या, माझं कव्हा येतंय?’

‘काय म्हणताय, आबा?’ रूपानं विचारलं.

आता म्हाताऱ्याला राहवेना. ‘म्या हाय की ह्यात. फुलंब्रीच्या डोंगराला यारीनं उचललं हुतं मला. मेंढरं हुती खाली. उडता उडता समदी मोजली म्या.’

इंद्रजीतचा चिवड्यातला हात तिथंच राहिला. काकासाहेबानं अंगदकडं बघितलं आणि नजर खाली घातली. बाप अंगदच्या तोंडाकडं बघत होता, त्याला काहीतरी सांगणं भाग होतं.

‘कापलं, आबा. तुमचं उडणं कापलं त्यांनी.’

‘कापलं?’

‘व्हय, आबा,’ रूपा म्हणाली. ‘तेवढंच चांगलं होतं म्हणे. तेच नेमकं कापलं.’

केरबाचा चेहरा आंबट झाला. ‘चकली ठिवली, लाडू ठिवला, त्ये लोंबणारं येडं ठिवलं, आन मला कापलं भाड्यांनी. थू असल्या शिनेमावर.’ त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि उठता उठता त्याला एकदम बरं वाटल्यासारखं झालं.

‘पर ग्वाड झालं. ह्या घाणीत म्या नाय त्येच बेस. असतो, तर तुमी मलाबी असंच हसला असता की.’